पुण्याहून हैदराबादला मुलांसह गाडीने: वंडरला आणि रामोजी फिल्म सिटीचा प्रवास आखण्याचा योग्य क्रम

सुट्टी मंजूर झाली की बहुतेक घरांत आधी हॉटेल ठरते, मग निघण्याचा दिवस ठरतो आणि उद्यानांची, म्हणजे राइड्सच्या वंडरलाची आणि चित्रपटांचे सेट दाखवणाऱ्या रामोजीची, तिकिटे शेवटी पाहिली जातात. हा क्रम उलटा आहे. त्यामुळे वंडरलाचा दिवस नेमका रविवारी येतो, मुक्काम हैदराबादच्या पश्चिमेला हायटेक सिटीत आणि रामोजी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते, आणि साडेपाचशे किलोमीटर गाडीत बसून आलेल्या मुलांना दुसऱ्याच दिवशी रांगेत उभे केले जाते. या प्रवासात अंतराची अडचण फारशी नसते. उद्यानाचा दिवस आधी पक्का करायचा आणि गाडी, मुक्काम, रस्ता त्याच्याभोवती बसवायचे, एवढे पाळले तर बाकीच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मुंबई, नाशिक किंवा साताऱ्याहून निघणाऱ्यांनाही, पहिला पट्टा वगळता, हाच क्रम लागू पडतो.

टप्पा १: कोण येणार आहे आणि कोणाची उंची किती

तारखेच्याही आधी घरातल्या प्रत्येक मुलाची उंची मोजावी. चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पट्टी आडवी धरून टेपने मोजावी आणि सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावी. वंडरलात मुलांचे तिकीट वयावर नसून उंचीवर ठरते. ८५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट लागत नाही, ८५ ते १४० सेंटिमीटरपर्यंत मुलांचे तिकीट लागते आणि त्यापुढे मोठ्यांचे. शिवाय प्रत्येक राइडची उंचीची अट वेगळी असते आणि मोठ्या थरारक राइड्ससाठी ती साधारण १४० सेंटिमीटरच्या आसपास जाते. आठ-नऊ वर्षांचे मूल सहसा तेवढे उंच नसते. त्याने महिनाभर ज्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ पाहिले असतील, त्याच्याच दारात मोजपट्टीपाशी त्याला थांबवले जाते. हा हिरमोड घरी मोजमाप करून टाळता येतो. कोणत्या राइडवर बसता येईल आणि कोणत्या नाही, हे मुलाला निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे.

मोठ्यांची यादीही याच वेळी करावी. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मणक्याचे किंवा मानेचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असल्यास वेगवान राइड्स वर्ज्य आहेत. दोन्ही ठिकाणांचा स्वभावही वेगळा आहे. वंडरला हे राइड्सचे उद्यान आहे, तर रामोजीत बसमधून सेट पाहणे, चालणे आणि ठरलेल्या वेळी होणारे कार्यक्रम बघणे हा दिवसाचा मोठा भाग असतो. आजी-आजोबा सोबत असतील तर माझे मत असे की वंडरलाच्या दिवशी त्यांना मुक्कामी विश्रांती द्यावी आणि रामोजीला मात्र नक्की न्यावे.

*तपासणी:* लहान मुलाजवळ कोण थांबेल आणि मोठ्या मुलासोबत कोण जाईल, याच्या जोड्या ठरल्या आहेत का? हे ठरलेले नसेल तर आईचा सगळा दिवस पिशव्या सांभाळण्यात जातो.

टप्पा २: तारीख निवडणे

येथे महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या शाळांच्या सुट्ट्यांतला फरक उपयोगी पडतो. तेलंगणात शाळांना लांब सुट्टी दसरा आणि बतुकम्मा या सणांच्या वेळी मिळते, दिवाळीला नाही. महाराष्ट्रात मोठी सुट्टी दिवाळीला असते. त्यामुळे भाऊबीज आटोपून, पुढच्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यान वंडरला ठेवले तर स्थानिक शाळकरी गर्दी बरीच टळते. रामोजीला मात्र दिवाळीत महाराष्ट्र आणि गुजरातमधून येणाऱ्यांची गर्दी राहतेच, तेव्हा तेथेही आठवड्याचा मधला दिवसच घ्यावा. उलट दसऱ्याच्या सुट्टीत गेल्यास दोन्हीकडे रांगा लांब लागतात.

आणखी तीन काळ टाळावेत. पहिला संक्रांतीचा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हैदराबादेतील असंख्य कुटुंबे आंध्रातील आपापल्या गावी निघतात आणि हैदराबाद–विजयवाडा महामार्गावर वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. रामोजी फिल्म सिटी त्याच महामार्गावर आहे. शिवाय त्याच सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, त्यामुळे वाटेतला मुक्कामही कठीण होतो. दुसरा काळ आषाढी वारीचा. तुकोबांची पालखी पुण्याहून लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी सोलापूर रस्त्यानेच पुढे जाते आणि त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते. वाहतूक पोलिसांनी जाहीर केलेले बदल पाहिल्याशिवाय त्या आठवड्यात निघू नये. तिसरा काळ एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा. पारा चाळिशी ओलांडतो, आणि पाण्याच्या राइड्समुळे वंडरला सुसह्य वाटले तरी रामोजीतील उघड्यावरचे चालणे वृद्धांना आणि लहानग्यांना झेपत नाही.

टप्पा ३: दिवसांची मांडणी

दोन नियम कठोरपणे पाळावेत. लांबच्या प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी राइड्सचे उद्यान ठेवू नये, आणि दोन उद्याने लागोपाठच्या दिवशी ठेवू नयेत. उद्यानात मुले सात-आठ तास उन्हात आणि पाण्यात असतात. दुसऱ्या दिवशी त्यांची किरकिर सुरू झाली, तर हट्टापेक्षा थकवा हे कारण असण्याची शक्यता अधिक.

या नियमांनुसार सात दिवसांची मांडणी अशी होते. पहिल्या दिवशी पुणे ते हैदराबाद. दुसऱ्या दिवशी उशिरा उठून अर्धा दिवस गोवळकोंडा. तिसऱ्या दिवशी वंडरला. चौथा दिवस शहरासाठी, तोही हलका: चारमिनार, सालारजंग संग्रहालय किंवा प्राणिसंग्रहालय यांपैकी एकच. पाचव्या दिवशी रामोजी. सहाव्या दिवशी सकाळी निघून दुपारी उशिरा सोलापूर आणि तेथे मुक्काम. सातव्या दिवशी दुपारपर्यंत घर. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी आणि नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून चौथा दिवस कोणत्या वारी येतो ते आताच पाहून घ्यावे.

घरात पाच वर्षांखालील मूल असेल, किंवा गाडी चालवणारी व्यक्ती एकच असेल, तर जातानाही सोलापूरला मुक्काम करून एक दिवस वाढवावा. रजा तेवढी नसेल तर दोनपैकी एक उद्यान सोडावे. दिवस कोंबून दोन्ही उद्याने बसवण्यापेक्षा एकच नीट पाहिलेले बरे.

मुंबईकरांसाठी एक टीप. वाटेत खोपोलीजवळ इमॅजिका येते आणि 'जाता जाता तेही उरकू' असा मोह होतो. ते स्वतंत्र दिवसाचे ठिकाण आहे. घ्यायचेच असेल तर लोणावळ्यात किंवा पुण्यात रात्र धरून घ्यावे आणि त्या बदल्यात वंडरला वगळावे.

टप्पा ४: मुक्काम कोठे

सर्वाधिक चुका येथे होतात. हैदराबादचा बाह्यवळण रस्ता, ज्याला तेथे सगळे 'ओआरआर' म्हणतात, शहराभोवती १५८ किलोमीटरचे वर्तुळ करतो. पुण्याकडून येणारा महामार्ग त्याला पश्चिमेला पाटणचेरूजवळ मिळतो. वंडरला दक्षिण-पूर्वेला रावीर्यालला, बाह्यवळणाच्या १३ क्रमांकाच्या एक्झिटजवळ आहे. रामोजी पूर्वेला, विजयवाडा रस्त्यावर. म्हणजे दोन्ही उद्याने शहराच्या त्या बाजूला आहेत ज्या बाजूने आपण येत नाही. मुक्काम गच्चीबावली किंवा हायटेक सिटीत घेतला तर दोन्ही उद्यानांच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ लांबचा फेरा पडतो.

शमशाबाद, म्हणजे विमानतळाचा परिसर, हा सर्वांत सोयीचा पर्याय आहे. तेथून दोन्ही उद्यानांकडे आणि परतीच्या दिवशी पाटणचेरूकडेही शहरात न शिरता बाह्यवळणाने जाता येते. रामोजीच्या आवारातही सितारा, तारा, शांतिनिकेतन, सहारा अशी वेगवेगळ्या दरांची हॉटेले आहेत. वृद्ध सोबत असतील तर चौथी आणि पाचवी रात्र तेथे काढणे योग्य ठरते, कारण दुपारी थकल्यावर खोली जवळ असते.

*सूचना:* खोली घेताना 'गाडी आवारात उभी राहील का, की रस्त्यावर?' आणि 'सकाळचा नाश्ता किती वाजल्यापासून मिळतो?' हे दोन प्रश्न फोनवर विचारावेत. रामोजीच्या दिवशी सकाळी आठच्या आत निघायचे असते.

टप्पा ५: तिकिटे

तिकिटे दोन्ही उद्यानांच्या अधिकृत संकेतस्थळांवरूनच काढावीत आणि पैसे भरण्यापूर्वी त्या तारखेची वेळ, तिकीट रद्द करण्याचे किंवा तारीख बदलण्याचे नियम आणि तिकिटात काय समाविष्ट आहे ते वाचावे. वंडरलात रांग टाळण्यासाठी जास्त दराचे 'फास्टट्रॅक' तिकीट मिळते. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्याची गरज सहसा भासत नाही, शनिवार-रविवारी मात्र विचार करावा. ज्येष्ठ नागरिक किंवा विद्यार्थी सवलतीने तिकीट काढले असेल, तर मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे.

टप्पा ६: गाडीची तयारी

गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी गॅरेजला नेऊ नये. सर्व्हिसिंग दहा-बारा दिवस आधी करावे, म्हणजे नव्याने बसवलेल्या भागात काही खोट असेल तर ती गावातल्या गावात कळते.

टायरकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सोलापूर–हैदराबाद पट्ट्यात गाडी तासन् तास एकाच वेगाने, तापलेल्या रस्त्यावर पळते. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या कोरलेली असते. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तो टायर कायद्यानेही बाद ठरतो. जुना, बाजूला बारीक भेगा पडलेला टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लावलेल्या पट्टीत भरलेल्या गाडीसाठी वेगळा दाब दिलेला असतो. पाच माणसे आणि सामान असताना तोच ठेवावा. स्टेपनीची हवा सगळे विसरतात. जॅक आणि पान्हा डिकीत तळाशी गाडला जाणार नाही, अशा बेताने सामान लावावे.

कागदपत्रांत विमा, पीयूसी, आरसी आणि परवाना डिजिलॉकरमध्ये उघडून पाहावेत, मुदती तपासाव्यात. मागच्या सीटवरच्यांनाही सीटबेल्ट बंधनकारक आहे आणि १४ वर्षांखालील मुलांना बेल्ट किंवा बाल-आसनाशिवाय बसवल्यास १,००० रुपये दंड आहे. मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची सवय या प्रवासापुरती नव्हे, कायमचीच सोडावी.

फास्टॅगची शिल्लक आणि केवायसी आधी पाहावी. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला वार्षिक पास खासगी मोटारींना वर्षभर किंवा २०० फेऱ्यांपर्यंत चालतो, पण फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि हैदराबादचा बाह्यवळण रस्ता त्यात येत नाहीत. पास आहे म्हणून शिल्लक शून्यावर ठेवणारे बाह्यवळणाच्या टोलनाक्यावर अडकतात.

टप्पा ७: सामान

वंडरलाच्या पाण्याच्या राइड्सवर सुती कपडे चालत नाहीत. नायलॉन किंवा लायक्राचे पोहण्याचे कपडेच लागतात. साडी, सलवार-कमीज किंवा जीन्स घालून पाण्यात उतरू देत नाहीत. ज्या स्त्रियांना उघडे कपडे नको असतील, त्यांनी पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घरूनच न्यावा. तसा पोशाख सहज मिळतो आणि आत जाऊन ऐनवेळी खरेदी करण्यापेक्षा स्वस्त पडतो. प्रत्येकाचा कोरडा जोड, टॉवेल आणि ओले कपडे घालायला जाड प्लॅस्टिकची पिशवी असा एक संच माणशी वेगळा बांधावा. एकाच मोठ्या पिशवीत सगळे भरले की कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर अर्धा तास शोधाशोध चालते.

बाहेरचे खाणे उद्यानांत नेऊ देत नाहीत, फक्त तान्ह्या मुलाच्या आहाराला मुभा असते. तरी वाटेसाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगाचटणी हे घरचे असावे. दह्याचे आणि ओल्या नारळाचे काही बांधू नये. ओआरएसची पाकिटे, नेहमीची औषधे आणि डॉक्टरांना विचारून घेतलेली उलटीची गोळी पुढच्या कप्प्यात ठेवावी.

टप्पा ८: रस्ता

पुण्यातून पहाटे पाचच्या आत निघावे. हडपसर ते उरुळी कांचन हा भाग सकाळी लवकर तुंबतो, आणि तेथे गेलेला एक तास दिवसभरात भरून निघत नाही. पहिला थांबा भिगवणच्या आसपास, दुसरा मोहोळच्या अलीकडे आणि जेवण सोलापूर ओलांडल्यावर नळदुर्ग ते उमरग्याच्या दरम्यान, अशी विभागणी ठेवली की दर दोन तासांनी पाय मोकळे होतात. पुढे रस्ता कर्नाटकात हुमनाबादवरून जाऊन जहीराबादला तेलंगणात शिरतो. इंधन कर्नाटकाच्या पट्ट्यात भरावे. दर तेथे साधारणतः तेलंगणापेक्षा कमी असतो.

*सावधान:* साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की, म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी या भागात उसाने भरलेले दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या महामार्गावर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि अंधारात तो ढिगारा पन्नास फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. पहाटे या पट्ट्यात उजाडेपर्यंत वेग कमी ठेवावा, आणि परतीला हा भाग रात्री कधीही पार करू नये.

मुलांना मोबाइल किंवा टॅब खाली पाहत वापरू देऊ नये. रस्ता सरळ असला तरी गाडी लागण्याचे ते मुख्य कारण आहे. बाह्यवळण रस्त्यावर कमाल वेग ताशी १२० किलोमीटर असला तरी हळू चालणाऱ्यांनी डावीकडच्या मार्गिकांत राहावे. फोटोसाठी किंवा नकाशा पाहण्यासाठी कडेला थांबू नये. एक्झिट चुकला तर मागे येण्याचा प्रयत्न न करता पुढच्या एक्झिटला उतरून वळावे. महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही आणीबाणीत ११२ हे क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावेत.

टप्पा ९: उद्यानातला दिवस

*वंडरला.* दार उघडण्यापूर्वी अर्धा तास पोहोचावे. कोरड्या राइड्स आधी सुरू होतात आणि पाण्याच्या नंतर, म्हणून पहिल्या तासात ज्यांची रांग दिवसभर वाढत जाते त्या मोठ्या कोरड्या राइड्स, विशेषतः 'रिकॉइल' हा रोलर कोस्टर, उरकाव्यात. दार नुकतेच उघडलेले असल्याने याच वेळी रांगा आखूड असतात. जेवण बाराच्या सुमारास, हलके. त्यानंतर तासभर फिरत्या किंवा उलट्या होणाऱ्या राइड्स टाळून लहान मुलांच्या राइड्स कराव्यात. पाण्यात उतरायचे ते दुपारी दोन ते साडेचार. त्यानंतर अंघोळ, कोरडे कपडे आणि उरलेल्या कोरड्या राइड्स. सकाळी आधी भिजले की ओल्या अंगाने मुले दिवसभर कुडकुडतात आणि दोनदा कपडे बदलावे लागतात. लॉकरची किल्ली मनगटाला असावी. मोबाइल, चष्मा आणि दागिने लॉकरमध्येच ठेवावेत, मंगळसूत्र शक्यतो मुक्कामीच ठेवून यावे. मुलाच्या हातावर पाण्याने न जाणाऱ्या पेनने पालकाचा फोन क्रमांक लिहावा आणि 'हरवलास तर जागचा हलू नकोस, गणवेशातल्या माणसाला सांग' एवढेच त्याला पाठ करायला लावावे.

*रामोजी.* गाडी प्रवेशद्वाराजवळच्या वाहनतळावर राहते आणि तेथून उद्यानाची बस कित्येक किलोमीटर आत नेते. म्हणजे गाडीत विसरलेली टोपी, औषध किंवा दुधाची बाटली आणायला मध्येच परत येणे जवळपास अशक्य आहे. बसमध्ये चढण्यापूर्वी पिशवी पुन्हा तपासावी. आत गेल्यावर आधी कार्यक्रमांच्या वेळांचा फलक पाहावा, स्टंट शो आणि मुलांच्या आवडीचा एखादा कार्यक्रम निवडावा आणि सेट पाहण्याची बसफेरी त्यांच्या मध्ये बसवावी. सगळे पाहण्याचा हट्ट धरला तर एकही कार्यक्रम सुरुवातीपासून पाहता येत नाही. आजी-आजोबांना जेथे सावलीत बसवले असेल ती जागा नावानिशी ठरवून ठेवावी. 'कारंज्याजवळ' एवढे सांगून भागत नाही, कारण कारंजी अनेक आहेत.

टप्पा १०: परतीचा प्रवास

पाचव्या दिवशी रात्रीच टाकी, हवा आणि सामान पाहून घ्यावे आणि सहाव्या दिवशी नाश्ता करून आठच्या सुमारास निघावे. दुपारी तीन-चारपर्यंत सोलापूर गाठता येते. या वेळी 'आणखी चार-पाच तासांचेच तर अंतर आहे, जाऊ या घरी' असे कोणीतरी म्हणतेच. ते ऐकू नये. आठवडाभराचा थकवा असलेला चालक, झोपलेले कुटुंब आणि अंधारातील उसाच्या ट्रॉल्या यांची गाठ तेथेच पडते. सोलापुरात महामार्गाजवळ, आवारात गाडी लावता येईल अशा ठिकाणी उतरावे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी परतीलाच घ्यावी, जाताना घेतलेली आठवडाभर डिकीत तापते.

घरी पोहोचल्यावर फास्टॅगचे संदेश एकदा नीट पाहावेत. एकाच नाक्यावर दोनदा रक्कम कापली गेली असेल, किंवा पास असूनही राष्ट्रीय महामार्गावर पैसे गेले असतील, तर वेळ, नाक्याचे नाव आणि व्यवहार क्रमांक लिहून घेऊन फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे लगेच तक्रार नोंदवावी.